घरातील हळद आणि कालामांची कसोटी

भगवान बुद्ध कोसल देशातील केसमुत्त या गावी गेले असता तेथील कालामांनी त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. गावात येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे तुच्छ लेखतो. मग कोणाचे मानावे? परंपरेने चालत आले, ग्रंथात आहे, किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नका, स्वतः जाणून घ्या, असे तथागतांनी त्यांना सांगितले. अंगुत्तर निकायातील हे सुत्त मुख्यतः कुशल-अकुशल कर्माविषयी आहे, रसायनशास्त्राविषयी नव्हे. तरी पण पारखून घेण्याची जी सवय त्यात सांगितली आहे, ती आठ-दहा वर्षांच्या मुलाला नुसत्या प्रवचनाने लागत नाही. त्याच्या हातून काही घडावे लागते. त्यासाठी प्रयोगशाळा नको; स्वयंपाकघरातील हळद पुरे.

चमचाभर हळद थोड्या पाण्यात दाट कालवावी. ती कोऱ्या कागदावर फासून कागद सावलीत वाळवावा आणि त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. आता वाट्यांत लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, मिठाचे पाणी, साबणाचे पाणी, चुलीच्या राखेची निवळी आणि पानाला लावतात त्या चुन्याची निवळी घ्यावी. चुना मोठ्यांनीच हाताळावा. तो डोळ्यात गेल्यास इजा होते. पट्टी बुडविण्यापूर्वी मुलाला विचारावे, "काय होईल सांग बरे?" त्याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे, मगच पट्टी बुडवू द्यावी. हा क्रम माता-पित्यांनी मोडू नये. आधी उत्तर सांगून टाकले, तर प्रयोगाची पोथी होते.

लिंबू, चिंच, मीठ यांत पट्टी पिवळीच राहते. साबण, राख, चुना यांत ती लाल होते. लाल पट्टीवर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी! मुले हा खेळ दहा वेळा करतात, करू द्यावा. अल्कधर्मी पदार्थांनी हळद लाल होते व आम्लाने पूर्ववत होते, हे नाव-गाव मागाहून सांगितले तरी चालते. हळदीचे कुंकूही याच गुणाने करतात, हे ऐकून घरातील आजीबाईदेखील जवळ येऊन बसतील.

दुसऱ्या दिवशी जास्वंदीची लाल पाकळी कागदावर चोळावी. तिचा जांभळट डाग लिंबाने लालभडक होतो, चुन्याने हिरवट. हाच रस चाकूच्या पात्यावर चोळून वाळविला आणि त्या चाकूने लिंबू कापले, तर लाल रस ठिबकतो. करणी काढण्याच्या नावाखाली लिंबातून "रक्त" काढणारा देवऋषी असल्याच युक्त्यांवर पैसे उकळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, तरी मूल आजारी पडले की अशा माणसाचे दार ठोठावणारी घरे आपल्यात अजून आहेत. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने लिंबातून "रक्त" काढले, ते मूल आईला त्या दारापासून परत आणील.

मग पाण्याकडे वळावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब व त्यांचे सहकारी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून ते "शुद्ध" केले. ही हकीकत सांगून एकाच माठातील पाणी दोन पेल्यांत घ्यावे. धुतलेल्या बोटाने एका पेल्याला घरच्या मुलाने, दुसऱ्याला शेजारच्या मुलाने स्पर्श करावा. पट्टी बुडवा, रंग पाहा, वास घ्या. कोणाचा पेला कोणता, हे मुलांनाच ओळखू द्या. तिसऱ्या पेल्यात शेणाचा खडा टाकून तो शेजारी ठेवा. हळदीच्या पट्टीला रोगजंतू कळत नाहीत, म्हणून पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे, हेही त्याच वेळी सांगावे.

एवढे झाल्यावर एखादे मूल परित्राणपाठासाठी ठेवलेल्या पाण्यातही पट्टी बुडवायला निघेल. त्याचा हात धरू नये. पाठ आटोपल्यावर त्याला वाटीभर पाणी द्यावे. पट्टी पिवळीच राहील, आणि ते विचारील, मग सुत्तपठणाने पाण्यात काय झाले? पाण्यात काही झाले नाही, असे स्पष्ट सांगावे. सुत्ते पाण्याने ऐकायची नसून आपण ऐकायची आहेत. मग त्या दिवशी म्हटलेल्या सुत्ताचा अर्थ त्याला मराठीत सांगायला बसावे. तो आपल्यालाच येत नसेल, तर दोघांनी मिळून भन्तेजींना विचारावा.