नकाशाला आधी प्रश्न विचारा

मी माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. वर्गात प्रोजेक्टर आला, भिंतीवरचे गुंडाळीचे नकाशे कपाटात गेले आणि मुलांना बोटाने पृथ्वी फिरवता येऊ लागली. आपल्या गावाचा पाझर तलाव पडद्यावर सापडला की वर्गात जो कल्ला होतो, तो मला आजही आवडतो. पण हे साधन नव्याने हाती घेणाऱ्या शिक्षकांना मी पहिला इशारा देते तो असा : पडद्यावरचा नकाशा इतका देखणा आणि ठाम असतो की मुलं त्याच्यावर शंका घेणं सोडून देतात. आणि सामाजिक शास्त्रांच्या तासाला तर शंका घ्यायलाच शिकवायचं असतं.

जगाचा नकाशा लावून मी एकदा विचारलं, “ग्रीनलंड मोठं की भारत?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “ग्रीनलंड!” प्रत्यक्षात ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.६६ लाख चौरस किलोमीटर आहे आणि भारताचं ३२.८७ लाख. आफ्रिका तर ग्रीनलंडच्या जवळजवळ चौदा पट मोठी आहे, पण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांच्या सोयीसाठी जे प्रक्षेपण आखलं, त्यात दिशा नीट राखल्या गेल्या आणि त्या बदल्यात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले गेले. इंटरनेटवरचे बहुतेक सपाट नकाशे त्याच पद्धतीवर बेतलेले असतात. म्हणून देशांच्या आकारांची तुलना असेल तेव्हा सपाट नकाशा बंद करा. गोलाकार दृश्य लावा, नाहीतर शाळेतला जुना पृथ्वीगोल मुलांच्या हातात द्या.

दुसरा फसवा प्रकार रंगांचा. नववीच्या पुस्तकात वितरणाचे नकाशे आहेत, त्यातली आकडेवारीनुसार प्रदेशांना रंगछटा देण्याची क्षेत्रघनी पद्धत शिकवायला डिजिटल नकाशा फार उपयोगी पडतो. पण २०११ च्या जनगणनेचा तयार नकाशा उघडला की मुलांची नजर मोठ्या जिल्ह्यांवरच खिळते. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १०.७३ लाख. मुंबई उपनगर जिल्हा जेमतेम ४४६ चौरस किलोमीटरचा, पण तिथे ९३ लाखांहून अधिक माणसं राहत होती. हा जिल्हा नकाशावर ठिपक्याएवढा असल्यामुळे मुलांना दिसलाच नाही. यावर दोन उपाय लागू पडतात. रंग भरताना एकूण लोकसंख्या न घेता घनता घ्या. आणि मुलांच्या डोळ्यांदेखत गटांची वर्गांतरं बदलून दाखवा. आकडे तेच राहतात, तरी चित्र पार बदलतं, हे एकदा पाहिलेलं मूल पुढे कुठल्याही रंगीत नकाशाची सूची वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

त्याच नकाशावर एका मुलीने पालघर शोधलं आणि ते सापडेना. सापडणार कसं? २०११ मध्ये राज्यात ३५ जिल्हे होते. पालघर ठाण्यातून वेगळा होऊन ३६ वा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्या मुलीच्या प्रश्नामुळे जिल्हा विभाजनाचा धडा आपोआप सुरू झाला. म्हणून नकाशा उघडला की आधी त्याचं साल विचारायची सवय लावा.

इतिहासात तर जास्तच सांभाळावं लागतं. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याहून निसटून राजगडावर परतले. त्यांच्या परतीच्या नेमक्या मार्गाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. पण पडद्यावर आग्रा ते राजगड अशी ठसठशीत लाल रेघ ओढली की मुलांच्या लेखी तो मार्ग सिद्धच होतो. जिथे पुरावा पक्का तिथे अखंड रेघ आणि जिथे तर्क तिथे तुटक रेघ, असा नियम ठेवा. शिवाय पार्श्वभूमीला आजच्या राज्यांच्या सीमा आणि महामार्ग असतील तर तो थर बंद करा, नाहीतर सतराव्या शतकातही मध्य प्रदेश नावाचं राज्य होतं असं मुलांच्या मनात बसतं.

देशाच्या सीमांबाबत तडजोड नको. काही नकाशासेवा आपण कोणत्या देशातून पाहतो त्याप्रमाणे सीमा वेगवेगळ्या दाखवतात. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा आपल्याकडे अधिकृत मानला जातो आणि त्याच्याशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे शाळेच्या भिंतीवर किंवा प्रदर्शनात लावायचा नकाशा याच विभागाच्या संकेतस्थळावरून घ्या. उपग्रहचित्रांसाठी इस्रोचं ‘भुवन’ हाताशी आहे. आणि मुलांकडून परिसराचा नकाशा करून घेताना स्वतःच्या घरावर खूण करायला सांगू नका. शाळा, देऊळ, एसटी थांबा, पाण्याची टाकी एवढ्या खुणा पुरतात.

तास घ्यायचा कसा, हे एका उदाहरणाने सांगते. विषय गोदावरीचा. पडदा बंद ठेवून मुलांना आराखडा नकाशे वाटते. त्र्यंबकेश्वर दाखवते आणि तिथून निघालेली नदी कुठल्या समुद्राला मिळेल ते पेन्सिलीने काढायला सांगते. अरबी समुद्र तिथून सुमारे ८० किलोमीटरवर, त्यामुळे बरीच मुलं रेघ पश्चिमेला नेतात. मग पडदा सुरू होतो. मुलं अंतर मोजतात, उंचसखलपणाचा थर लावतात. पश्चिमेला सह्याद्रीचा तुटलेला कडा आणि पूर्वेला हळूहळू उतरत गेलेलं पठार त्यांना दिसतं. नदी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते, ते कोणी सांगायची गरज पडत नाही. शेवटी वहीत कारण लिहायचं आणि पहिली रेघ न खोडता तिच्याशेजारी खरी रेघ काढायची. आधी अंदाज, मग पडदा, मग वही, हा क्रम मोडू नका. पडदा आधी आला की उत्तर आयतं मिळतं आणि विचार तिथेच थांबतो.

झूम करताना नकाशाचं प्रमाण सतत बदलतं, तेव्हा कोपऱ्यातली प्रमाणपट्टी दर वेळी मोठ्याने वाचून घ्या. वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा धरू नका. लागणारी दृश्यं आदल्या दिवशी साठवा आणि कागदी नकाशे जवळ असू द्या.

आणि प्रत्येक नकाशाला चार प्रश्न विचारायला लावा : कोणी केला, कधी केला, कशासाठी केला आणि त्यात काय सोडून दिलं? हीच मुलं उद्या निवडणूक निकालांचे रंगीत नकाशे मोबाइलवर पाहतील, गावाच्या विकास आराखड्यावर हरकत नोंदवतील, निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत घर बांधायचं की नाही ते ठरवतील. त्या दिवशी त्यांच्या शेजारी शिक्षक नसेल. म्हणून हे चार प्रश्न त्यांच्या तोंडी बसेपर्यंत विचारून घेणं हे आपलं काम आहे.