घटक ५ : शालेय गुण आणि गुणवत्ता शिष्यवृत्ती

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• शालेय गुणांचे शिष्यवृत्तीत रूपांतर कसे होते, हे सांगता येईल.
• टक्केवारी आणि पर्सेंटाइल यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• शिष्यवृत्तीच्या नियमांमागील निर्णय ओळखून त्यांची चिकित्सा करता येईल.

५.१ प्रास्ताविक

मराठीत 'गुण' हा शब्द दोन अर्थांनी येतो : परीक्षेत मिळालेले गुण आणि व्यक्तीच्या अंगचे गुण. 'गुणवत्ता यादी', 'गुणवंत विद्यार्थी' या शब्दप्रयोगांत हे दोन्ही अर्थ एकत्र होतात. त्यामुळे गुणपत्रिकेवरील आकडा म्हणजेच गुणवत्ता, असा समज सहज रूढ होतो. परंतु आकडा आणि शिष्यवृत्ती यांच्यामध्ये एक नियम असतो आणि तो नियम कोणीतरी तयार केलेला असतो. कोणते विषय मोजावयाचे, वेगवेगळ्या शाळांची तुलना कशी करावयाची, मर्यादारेषा कोठे आखावयाची आणि कुटुंबाचे उत्पन्न विचारात घ्यावयाचे की नाही, हे चार निर्णय त्या नियमात दडलेले असतात. प्रस्तुत घटकात अमेरिकेतील व भारतातील उदाहरणांच्या आधारे आपण या चार निर्णयांचा अभ्यास करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ श्रेणींची सरासरी

अमेरिकेत नववी ते बारावी या चार वर्षांच्या शिक्षणास हायस्कूल म्हणतात. तेथे आपल्याकडील बारावीसारख्या एकाच बोर्ड परीक्षेवर सारे अवलंबून नसते. प्रत्येक विषयाला वर्गशिक्षणाच्या आधारे श्रेणी मिळते. सामान्यतः 'ए'ला ४, 'बी'ला ३, 'सी'ला २ आणि 'डी'ला १ अंक देऊन सरासरी काढतात. तिला जीपीए म्हणतात. अनेक शाळा प्रगत पातळीच्या अभ्यासक्रमाला एक अंक वाढवून देतात.

या वाढीव अंकाचा परिणाम पाहा. एका विद्यार्थिनीने पाच साधे विषय घेतले आणि पाचही विषयांत 'ए' मिळवला. तिचा जीपीए ४.० होतो. दुसरीने तीन साध्या विषयांत 'ए' आणि दोन प्रगत विषयांत 'बी' मिळवला. वाढीव अंक न धरल्यास तिचा जीपीए ३.६ येतो, धरल्यास तोही ४.० येतो. दुसरीच्या उत्तरपत्रिका बदललेल्या नाहीत, केवळ मोजण्याची रीत बदलली आहे. म्हणूनच अनेक महाविद्यालये शाळेने कळवलेला जीपीए तसाच न स्वीकारता आपल्या पद्धतीने पुन्हा मोजतात.

५.२.२ महाविद्यालयांचा हेतू

काही महाविद्यालये जीपीएचे टप्पे आधीच जाहीर करतात. विद्यार्थी ज्या टप्प्यात बसेल, त्यानुसार त्याला ठरावीक रक्कम मिळते. काही ठिकाणी जीपीएबरोबर सॅट किंवा एसीटी या प्रवेशचाचण्यांचे गुणही पाहतात. अन्य महाविद्यालये श्रेणींसह संपूर्ण अर्ज वाचून निर्णय घेतात.

येथे एक बाब ध्यानात ठेवावी. अनेक खाजगी महाविद्यालयांत ही शिष्यवृत्ती म्हणजे रोख रक्कम नसून शुल्कातील सवलत असते. चांगल्या श्रेणींचा विद्यार्थी दुसरीकडे न जाता आपल्याकडे यावा, हा तिचा एक प्रमुख हेतू असतो. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीग विद्यापीठे गुणवत्तेवर आधारित शिष्यवृत्ती देत नाहीत. ती केवळ आर्थिक गरज पाहून साहाय्य करतात. तेथे प्रवेशासाठी अर्जदारांची वाण नसते, हे लक्षात घेतल्यास हा फरक समजतो.

५.२.३ जॉर्जिया राज्याचे उदाहरण

जॉर्जिया राज्याने १९९३ मध्ये लॉटरीच्या उत्पन्नातून 'होप' शिष्यवृत्ती सुरू केली. हायस्कूलमधील ३.० जीपीए ही तिची मुख्य अट होती. प्रथम वर्षी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ६६,००० डॉलर होती. पुढील वर्षी ती १,००,००० डॉलर झाली आणि १९९५ मध्ये ती काढून टाकण्यात आली. गरजेसह गुणवत्ता पाहणारी योजना अशा रीतीने केवळ गुणवत्तेची झाली.

श्रेणी देण्याच्या शाळाशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने २००७ मध्ये उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांपासून हिशेब राज्याकडे गेला. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे व परकीय भाषा हे मुख्य विषयच धरले जाऊ लागले. शाळांनी दिलेले वाढीव अंक वगळून प्रगत विषयांसाठी सर्वांना समान अर्धा अंक देण्यात आला.

ही शिष्यवृत्ती टिकवण्यासाठी महाविद्यालयातही ३.० सरासरी राखावी लागते. अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कॉर्नवेल, डेव्हिड मस्टर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जॉर्जिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सरासरी घसरू नये म्हणून विद्यार्थी कमी विषय घेतात आणि अवघड वाटणारे विषय मध्येच सोडतात, असे त्यांना आढळले. गुणवत्तेला उत्तेजन देणारा नियम जोखीम टाळण्याचीही सवय लावू शकतो, हे यावरून दिसते.

५.२.४ भारतातील केंद्रीय योजना

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती योजना बारावीच्या गुणांवर आधारित आहे. तीत दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. त्यांपैकी निम्म्या मुलींसाठी असतात. आपल्या बोर्डात व शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणे आवश्यक असते. म्हणजे ८० टक्के गुण नव्हेत, तर उत्तीर्ण झालेल्या शंभरांपैकी सुमारे ऐंशी विद्यार्थ्यांच्या पुढे असणे. एखाद्या बोर्डाने सढळ हाताने गुण दिले, तरी त्याच्या विद्यार्थ्यांना त्याचा अवास्तव लाभ होत नाही. येथे उत्पन्नाची मर्यादाही आहे. शाळांच्या तुलनेचा प्रश्न या योजनेने जॉर्जियापेक्षा वेगळ्या मार्गाने सोडवला आहे.

मात्र, राज्य बोर्डाच्या वाट्याला येणाऱ्या शिष्यवृत्त्या विज्ञान, वाणिज्य व मानव्यविद्या शाखांत ३ : २ : १ या प्रमाणात विभागल्या जातात. म्हणजे सहांपैकी एकच वाटा आपल्या शाखेकडे येतो. शिवाय नियमित अभ्यासक्रमाचे विद्यार्थीच पात्र असतात; दूरशिक्षणाचे नाहीत. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्या व्यक्तीचे बारावीचे गुण उत्तम असले, तरी ते या हिशेबात येतच नाहीत. हा निर्णय तिच्या गुणवत्तेविषयी काहीही सांगत नाही. तो नियमकर्त्यांनी विद्यार्थी कोणाला मानले, एवढेच सांगतो.

५.३ सारांश

गुणांवरून गुणवत्ता ठरवताना विषय, तुलना, मर्यादारेषा आणि उत्पन्न यांविषयीचे निर्णय निर्णायक ठरतात. यांतील एकही निर्णय बदलला, तरी गुणवंतांची यादी बदलते. म्हणून शिष्यवृत्ती न मिळणे म्हणजे गुणवत्ता नसणे, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. त्याचबरोबर सर्व नियम निरर्थक आहेत, असेही म्हणता येत नाही. नियम वाचावा, त्यात कोण मोजले गेले व कोण सुटले हे पाहावे, आणि मगच मत बनवावे.

५.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. टक्केवारी आणि पर्सेंटाइल यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. 'होप' योजनेत १९९३ ते २००७ या काळात झालेल्या बदलांची चर्चा करा.
३. 'गुणवत्ता' या शब्दाच्या अर्थच्छटा सांगून त्यांचा शिष्यवृत्तीच्या नियमांशी असलेला संबंध विशद करा.

५.५ उपक्रम

आपल्या परिसरातील एखाद्या शिष्यवृत्तीची माहितीपत्रिका मिळवा. प्रास्ताविकात सांगितलेले चार निर्णय तीत कोठे आढळतात, ते दीडशे शब्दांत लिहा.