काम वरचे, पगार कोणता?

कचेरीतला कारकून बदलून जातो. जागा रिकामी पडते. साहेब शिपायाला म्हणतात, "तोवर तू हे दप्तर सांभाळ." शिपाई हुशार असतो. तो काम अंगावर घेतो. दोन महिने म्हणता म्हणता दोन वर्षे जातात. पगार मात्र शिपायाचाच. घरची माणसे विचारतात, "काम कारकुनाचं, मग पैसं शिपायाचं का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घेऊ.

आधी दोन शब्द शिका. बढती आणि कार्यभार. बढती म्हणजे वरच्या जागेवर रीतसर नेमणूक. हुद्दा बदलतो, पगार वाढतो. कार्यभार म्हणजे आपल्या जागेवर राहून दुसऱ्या जागेचे काम पाहणे. काम सांगितले म्हणजे बढती झाली, असे नव्हे.

गोव्यातील एका सरकारी नोकराला खजिनदाराचे काम सांगितले होते. सन १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ही बढती नव्हे. अशा माणसाला वरच्या जागेचा पगार नाही. त्याला फक्त कार्यभार भत्ता मिळतो.

आता दुसरा निकाल ऐका. अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे एका प्राथमिक शिक्षकाने १९९२ ते १९९५ या काळात स्काउट विभागाच्या सचिवाचे काम पाहिले. तसा लेखी हुकूम होता. पगार त्या जागेवर काढावा, असेही त्यात लिहिले होते. १९९८ साली न्यायालय म्हणाले, बढती नाही. पण जितके दिवस वरचे काम केले, तितक्या दिवसांच्या पगारातला फरक द्या.

दोघांनी कामच केले. मग फरक कशाने पडला? हुकमात काय लिहिले आहे, ते न्यायालय पाहते.

म्हणून एवढे करा:

१. जादा काम सांगितले तर लेखी हुकूम मागा.
२. हुकूम स्वतः वाचा. कोणती जागा, कोणत्या तारखेपासून, पगार की भत्ता, ते पाहा.
३. हुकमाची नक्कल घरी जपून ठेवा.
४. पैसे मिळाले नाहीत तर लेखी अर्ज द्या व पोच घ्या.

कारखान्यात असाल, तर तिथले स्थायी आदेश आणि करार पाहा.

तोंडी शब्द वाऱ्यावर जातो. कागद राहतो. आणि कागद तुम्हाला आता वाचता येतो.