आजोबांची शाळा कुठल्या नावानं शोधायची?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत त्यांच्या शाळेचा एक उर्दू कागद सापडला. जाणकाराकडून वाचून घेतला तेव्हा त्यावर 'मदरसा तहतानिया', जिल्हा उस्मानाबाद आणि सन १३५१ असं निघालं. या नावाची शाळा गावात कुणालाच आठवत नाही. धाकटा भाऊ वस्तीवरच्या ज्या शाळेत शिकला, ती पट कमी म्हणून बंद झाली. या दोन्ही शाळांचे उतारे आता मागायचे कुणाकडे?
– एक वाचक, तालुका कळंब

उत्तर : आजोबांची शाळा बहुतेक तुमच्या डोळ्यांसमोरच उभी असेल. गावातली आजची जिल्हा परिषद प्राथमिक शाळा हीच ती असण्याचा संभव सगळ्यात जास्त. कागदावर तुम्हाला जे नाव वाटतं, तो शाळेचा दर्जा आहे. निजामाच्या विद्याखात्यात प्राथमिक शाळा ती तहतानिया, मिडल स्कूल ती वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. मुलींच्या शाळेपुढे 'निसवां' लागे. आपण आज सगळीकडे 'जि. प. प्रा. शाळा' लिहितो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे 'तहतानिया' हा शब्द घेऊन शोधू नका, गावाचं नाव घेऊन शोधा.

त्याआधी सन नीट लावून घ्या. बरीच मंडळी इथेच फसतात. १३५१ हा आकडा हिजरी समजलात तर १९३२-३३ साल निघतं. पण हैदराबाद संस्थानाच्या दप्तरात फसली सन चाले आणि तो धरला तर हेच साल १९४१-४२ होतं. नऊ वर्षांचा फरक! आजोबांचं वय तेवढ्यानं वाढतं, आणि तुम्ही नको ते रजिस्टर चाळत बसता. निजामाचं फसली वर्ष ६ ऑक्टोबरला, आजूर महिन्यापासून सुरू होई. आजूर, दै आणि जवळजवळ सगळा बहमन एवढ्या दिवसांसाठी फसली सनात ५९० मिळवा. इस्फंदारपासून वर्षअखेरच्या आबानपर्यंत ५९१. कागदावर खुर्दाद, तीर, अमर्दाद असं काही दिसलं तर सन फसलीच आहे याची खात्री बाळगा. मोहरम, सफर, रज्जब दिसलं तर मात्र हिजरी.

आता जिल्ह्याचं नाव. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये 'उस्मानाबाद, पूर्वीचा नळदुर्ग' अशी नोंद आहे. मीर उस्मान अली खान गादीवर आले १९११ साली. म्हणजे ते निजाम होण्याआधीच जिल्ह्याला त्यांचं नाव लागलेलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अधिसूचना निघून जिल्हा धाराशिव झाला. जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आहे म्हणून तो दाखला खोटा ठरत नाही, तेव्हा तो 'दुरुस्त' करून घेण्याच्या फंदात पडू नका. जुना कागद जसा आहे तसाच राहण्यात त्याची किंमत आहे.

आपल्या भागातल्या शाळांची नावं इतकी का बदलली, हे तुम्ही विचारलेलं नाही. पण ते कळल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही. सप्टेंबर १९४८ मधल्या पोलीस ॲक्शननंतर संस्थान भारतात आलं. तोवर हायस्कुलांचं शिक्षण उर्दूतून होई. आता मराठी वर्ग सुरू झाले आणि तहतानिया-फौकानिया जाऊन प्राथमिक शाळा, हायस्कूल आलं. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. खरा बदल झाला तो १ मे १९६२ रोजी. जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि सरकारी शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. इमारत तीच, मास्तर तेच, गोल शिक्का मात्र नवा.

मराठवाड्याचं एक वेगळेपण बाहेरच्यांना चटकन लक्षात येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण म्हटलं की रयत शिक्षण संस्थेसारख्या खासगी संस्था डोळ्यांपुढे येतात. आपल्याकडे निजामाच्या वेळची हायस्कुलं सरकारी होती, म्हणून ती जिल्हा परिषदेकडे आली. 'जिल्हा परिषद प्रशाला' आणि 'कन्या प्रशाला' या पाट्या आपल्याकडे दिसतात त्या त्यामुळेच. आजोबा चौथीपुढे तालुक्याला शिकायला गेले असतील, तर तिथल्या जुन्या प्रशालेत जरूर विचारा. मात्र ऐपत असलेली बरीच मुलं मराठी-इंग्रजी शिक्षणासाठी सरहद्द ओलांडून बार्शी, सोलापूरला जात. तो मुलूख इंग्रजांचा. आजोबा तिकडे शिकले असतील, तर त्यांची नोंद धाराशिवच्या दप्तरात सापडायची नाही.

तुमचा तालुका कळंब म्हणून हे प्रकरण सरळ आहे. निलंगा, उदगीर, अहमदपूरकरांना विचारा! हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादमध्ये आले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर लातूरचे झाले. आजोबा बीदरचे, वडील उस्मानाबादचे, नातू लातूरचा. शाळा मात्र तिघांची एकच. अशा घरातल्या माणसानं धाराशिवच्या कचेरीत खेटे घालण्यात अर्थ नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी गावं नव्या जागी वसली, त्यांचंही तसंच. नाव राहिलं, जागा गेली. तिथं आधी 'जुन्या गावातलं दप्तर सापडलं होतं का' हा प्रश्न विचारायचा.

सरकारी शाळांखेरीज आणखी एक जात होती, ती म्हणजे राष्ट्रीय शाळा. आजच्या लोहारा तालुक्यातलं हिप्परगा हे त्यातलं मोठं नाव. १९२१ मध्ये तिथं राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथं शिकवायला आले, १९३२ मध्ये तिथंच त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे त्यांनी अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा सांभाळली आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व केलं. खासगी शाळा चालवायला निजाम सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे, त्यामुळे अशा किती तरी शाळा अल्पायुषी ठरल्या. जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात मला हे पान सगळ्यात मोलाचं वाटतं. पण उतारा मिळवण्याच्या दृष्टीनं ते अडचणीचं आहे, कारण या शाळांची दप्तरं सरकारी साखळीत आलीच असतील असं नाही. तुमचा कागद 'तहतानिया'चा आहे, म्हणून तुम्ही या अडचणीतून सुटलात.

आता भावाची शाळा. २००० नंतर राज्यात वस्तीशाळा निघाल्या आणि पुढे त्यांचं नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झालं. म्हणजे भावाच्या शाळेनंही बंद पडण्याआधी एकदा नाव बदललेलं असू शकतं. अर्जात दोन्ही नावं लिहा. दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय राज्यानं डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यावर बरंच रान उठलं होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा नियम आहेच. पण नकाशावरचा किलोमीटर आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून जायचा किलोमीटर एक नसतो, हे वस्तीवर राहणाऱ्याला सांगायला नको. पट कमी आहे एवढ्या एका कारणानं शाळा मिटवणं मला पटत नाही.

शाळा बंद झाली तरी तिचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, नष्ट करता येत नाही. ते कायम जपायचं दप्तर आहे. रीतीप्रमाणे ते ज्या शाळेत मुलं समायोजित झाली तिथं जातं. म्हणून आधी त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा. तिथं नसेल तर केंद्रप्रमुखांना विचारा, आणि त्यानंतर कळंब पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. बंद शाळेचा यू-डायस क्रमांक मिळाला तर फार सोपं होतं. हा अकरा आकडी क्रमांक आपल्या जिल्ह्यात २७२९ नं सुरू होतो. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी हे आकडे तेच आहेत. भावाच्या जुन्या गुणपत्रकावर तो कदाचित छापलेला सापडेल.

आजोबांचा उतारा मागताना गावच्या मुख्याध्यापकांना 'सगळ्यात जुनं रजिस्टर दाखवा' असं म्हणा. साल सांगून विचारलंत तर 'नाही' हे उत्तर लवकर येतं. कपाटाच्या तळाशी उर्दू किंवा मोडीतली वही असते आणि वाचता येत नाही म्हणून ती कुणी उघडलेली नसते. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद तपासायला सुरुवात केली, तेव्हापासून अशा वह्यांकडे लोकांचं लक्ष गेलं आहे. जातीच्या दाखल्यासाठी का होईना, ती कपाटं उघडली हे बरं झालं. नोंद सापडली तर मूळ पानाची साक्षांकित प्रत आणि मराठी लिप्यंतर असं दोन्ही मागा. नुसत्या लिप्यंतरावर भागवू नका.

ज्यांच्या वस्तीवरची शाळा आज बंद व्हायच्या यादीत आहे, त्यांना एक विनंती. शाळा वाचवण्यासाठी भांडा, ते केलंच पाहिजे. पण कुलूप लागलंच, तर रजिस्टर कोणत्या शाळेत, कोणाच्या सहीनं, कोणत्या तारखेला गेलं, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.