शाळेच्या डब्यात गावचे धान्य

घाटकोपरच्या भटवाडी, असल्फा, पंतनगर या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेली अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेलेला चाकरमानी परतताना तांदूळ, नाचणी, चवळी, कुळीथ यांची पोती-पिशव्या घेऊन येतो. हे धान्य घरात असताना त्याच घरातील मूल मात्र शाळेत बिस्किटे, कुरकुरीत पाकिटे किंवा वडापाव खाते, असे पुष्कळदा दिसते. याला आईवडिलांचा निष्काळजीपणा कारणीभूत नसतो. सकाळी सातच्या शाळेसाठी मूल साडेसहाला घराबाहेर पडते, आईलाही लोकल किंवा मेट्रो गाठायची असते. त्यामुळे जे पटकन हाती लागेल ते डब्यात जाते. थोडी पूर्वतयारी केली तर गावच्या धान्याचा चांगला डबा पंधरा-वीस मिनिटांत होतो. तो कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

डब्याचे महत्त्व

मुलांची वाढ झपाट्याने होत असते, पण त्यांचे पोट लहान असते. एका वेळी ती फार खाऊ शकत नाहीत. सकाळच्या सत्रातील मूल बहुधा कपभर चहा घेऊन निघते. मधल्या सुटीतला डबा हाच त्याचा दिवसातील पहिला खरा आहार ठरतो. त्या डब्यात नुसता मैदा, साखर आणि तेल असेल तर पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराची गरज भागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या दर १०० बालकांपैकी सुमारे ६९ बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत पाऊल टाकतानाच अनेक मुलांच्या रक्तात लोह कमी असते, असा याचा अर्थ होतो. असे मूल लवकर दमते, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही आणि ते वारंवार आजारी पडते. आईवडील त्याला आळशी समजतात, मात्र खरे कारण आहारात असू शकते.

सरकारी, महानगरपालिकेच्या व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना शालेय पोषण आहार मिळतो. १९९५ साली सुरू झालेल्या या केंद्रीय योजनेला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. ही सोय नसलेल्या शाळांत मात्र सारा भार घरच्या डब्यावर असतो.

मुलाची रोजची गरज

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार रोजची गरज साधारण अशी आहे:

४ ते ६ वर्षे : उष्मांक १३६०, प्रथिने १६ ग्रॅम, कॅल्शियम ५५० मि.ग्रॅ., लोह ११ मि.ग्रॅ.
७ ते ९ वर्षे : उष्मांक १७००, प्रथिने २३ ग्रॅम, कॅल्शियम ६५० मि.ग्रॅ., लोह १५ मि.ग्रॅ.

यातील किमान पाव हिस्सा शाळेच्या डब्यातून मिळावा. लहान मुलाच्या डब्यात सुमारे ३५० आणि मोठ्याच्या डब्यात सुमारे ४२५ उष्मांक असावेत, असा अंदाज ठेवावा. दोन लहान थालीपिठे आणि एक नाचणीचा लाडू एवढ्यात ही गरज भागते.

कोणत्या धान्यात काय असते?

(दर १०० ग्रॅम कच्च्या धान्यात, सुमारे)

तांदूळ (सडलेला) : प्रथिने ८ ग्रॅम, कॅल्शियम ७ मि.ग्रॅ., लोह ०.७ मि.ग्रॅ.
गव्हाचे पीठ : प्रथिने १०.५ ग्रॅम, कॅल्शियम ३१ मि.ग्रॅ., लोह ४ मि.ग्रॅ.
नाचणी : प्रथिने ७ ग्रॅम, कॅल्शियम ३६४ मि.ग्रॅ., लोह ४.६ मि.ग्रॅ.
मूग : प्रथिने २२.५ ग्रॅम, कॅल्शियम ९२ मि.ग्रॅ., लोह ५ मि.ग्रॅ.
चवळी : प्रथिने २१ ग्रॅम, कॅल्शियम ८४ मि.ग्रॅ., लोह ५ मि.ग्रॅ.
शेंगदाणे : प्रथिने २३.५ ग्रॅम, कॅल्शियम ५४ मि.ग्रॅ., लोह ३.५ मि.ग्रॅ.
तीळ : प्रथिने २१.५ ग्रॅम, कॅल्शियम १२८० मि.ग्रॅ., लोह १५ मि.ग्रॅ.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. कॅल्शियमच्या बाबतीत नाचणी तांदूळ व गहू यांच्या कितीतरी पुढे आहे, पण तिच्यात प्रथिने कमी आहेत. ती उणीव कडधान्य व शेंगदाणे भरून काढतात. म्हणून डब्यात एकटे तृणधान्य न देता त्याला कडधान्याची किंवा तेलबियांची जोड द्यावी.

धान्यातील लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही. त्यासाठी तीन उपाय करावेत. कडधान्य व नाचणी भिजवून मोड आणावेत, पदार्थावर लिंबू पिळावे किंवा सोबत पेरू, आवळा, संत्रे द्यावे, आणि जेवणाच्या किंवा डब्याच्या आगेमागे तासभर तरी चहा देऊ नये. चहामुळे लोहाचे शोषण कमी होते. मुलाची चहाची सवय मोडून त्याऐवजी दूध किंवा नाचणीची पेज सुरू करावी.

पूर्वतयारी

१. नाचणीचे सत्त्व : नाचणी स्वच्छ धुऊन १० ते १२ तास भिजवावी. पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. साधारण एक दिवसात मोड येतात. ती सावलीत पूर्ण वाळवावी, मंद आचेवर हलकी भाजून दळावी.

२. थालीपिठाची भाजणी : नाचणी ५०० ग्रॅम, तांदूळ ५०० ग्रॅम, हरभरा डाळ २५० ग्रॅम, चवळी २५० ग्रॅम, उडीद १२५ ग्रॅम, धने ५० ग्रॅम, जिरे २५ ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा मंद आचेवर भाजावा, थंड झाल्यावर एकत्र दळावा. मुंबईच्या पावसाळी दमट हवेत पिठाला जाळी व कुबट वास लवकर येतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पंधरा दिवस पुरेल एवढेच पीठ दळावे.

३. शेंगदाण्याचा कूट : सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे निवडून टाकून द्यावेत. अशा दाण्यांत विषारी द्रव्य असू शकते व ते भाजल्याने पूर्ण नाहीसे होत नाही.

डब्यासाठी काही पदार्थ

नाचणीचे लाडू
साहित्य : नाचणीचे पीठ २५० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, किसलेला गूळ १५० ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट ७५ ग्रॅम, भाजलेले तीळ ५० ग्रॅम, वेलची पूड.
कृती : तुपात पीठ मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजावे. खाली उतरवून कोमट झाल्यावर गूळ, कूट, तीळ व वेलची मिसळून लहान लाडू वळावेत. एवढ्या साहित्यात सुमारे २६ लाडू होतात. एका लाडवातून साधारण ६० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते, म्हणजे सहा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या रोजच्या गरजेचा दहावा भाग. लाडू हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतात.

मोडाच्या मुगाचे धिरडे
साहित्य : मोड आलेले मूग २ वाट्या, तांदळाचे पीठ अर्धी वाटी, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला किंवा पालक अर्धी वाटी, आले, जिरे, मीठ, तेल, लिंबू.
कृती : मूग आले-जिऱ्यासह वाटून त्यात पीठ, पाला व मीठ घालावे. तव्यावर लहान धिरडी घालून झाकण ठेवावे, दोन्ही बाजूंनी नीट शिजवावीत. उतरवल्यावर लिंबू पिळावे.

भाजणीचे थालीपीठ
भाजणीत किसलेला दुधी, गाजर किंवा कोबी, तीळ, मीठ व थोडे तेल घालून पीठ मळावे. मुलांसाठी तळहाताएवढी थालीपिठे थापावीत. मोठ्या थालीपिठाचे तुकडे थंड झाल्यावर कडक होतात आणि मूल ते खात नाही.

घाटकोपरमधील गुजराती शेजाऱ्यांच्या घरचा मेथीचा थेपलाही डब्यासाठी उत्तम आहे. त्यात पाणी कमी असल्याने तो दुपारपर्यंत मऊ राहतो व खराब होत नाही. कणकेत पाव हिस्सा नाचणीचे पीठ व थोडे बेसन मिसळले तर त्याचे पोषणमूल्य आणखी वाढते.

आठवड्याचा डबा

सोमवार : भाजणीचे थालीपीठ, पेरूच्या फोडी
मंगळवार : मोडाच्या मुगाचे धिरडे, शेंगदाण्याची सुकी चटणी
बुधवार : मेथी-नाचणीचा थेपला, नाचणीचा लाडू
गुरुवार : चवळीची कोरडी उसळ, पोळी, लिंबाची फोड
शुक्रवार : नाचणीचे घावणे, उकडलेले अंडे किंवा गूळ-तिळाची वडी
शनिवार : शेंगदाणे व वाटाणे घातलेले पोहे, केळे

डबा भरताना घ्यावयाची काळजी

१. गरम पदार्थ लगेच झाकू नये. वाफेचे पाणी सुटून पदार्थ आंबतो. ताटात पसरून निववावा व मगच डबा बंद करावा.
२. ओल्या खोबऱ्याची चटणी, रस्सा, आदल्या दिवशीचा भात हे पदार्थ डब्यात देऊ नयेत. दमट उष्ण हवेत ते लवकर बिघडतात.
३. पदार्थ सकाळी ताजा करावा व चार तासांच्या आत खाल्ला जाईल असे पाहावे.
४. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते घशात अडकण्याचा धोका असतो. कूट करून द्यावा.
५. शेंगदाणे, तीळ किंवा अंडे खाल्ल्यावर अंगावर पुरळ, सूज किंवा धाप येत असेल तर तो पदार्थ बंद करून डॉक्टरांना दाखवावे.
६. स्टीलचा डबा वापरावा. झाकण मुलाला स्वतः उघडता आले पाहिजे.
७. मधली सुटी थोडी असते. पदार्थ हाताने, दोन-तीन घासांत उचलता येतील अशा आकाराचे करावेत.
८. डबा भरलेला परत आला तर रागावू नये. पदार्थ कडक झाला, तिखट लागला की वेळ पुरला नाही, हे मुलाला विचारावे.

पाकीट स्वस्त पडते का?

दहा रुपयांच्या पाकिटात २५ ग्रॅम माल असेल तर त्याचा भाव किलोला ४०० रुपये पडतो. पाकिटावरील वजन व किंमत वाचून हा हिशेब घरीच करावा आणि नाचणी, मूग, शेंगदाणे यांच्या भावाशी ताडून पाहावा. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात व फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. पालकसभेत हा विषय जरूर मांडावा. मुलाला खाऊगल्लीत कधी नेऊच नये असे नाही. सणावारी तिथला डोसा खाल्ल्याने बिघडत नाही. रोजचा डबा मात्र घरचाच असावा.

गावाकडील शेतकऱ्यांसाठी

मुंबईला नातेवाइकांकडे नाचणी पाठवताना ती खडे काढून, पाखडून, चांगली वाळवून पाठवावी. चाळीतल्या खोलीत धान्य निवडायला जागा नसते आणि वेळही नसतो. न निवडलेली नाचणी तशीच पडून राहते व तिला कीड लागते. शक्य असल्यास मोड आणून वाळवलेली नाचणी किंवा तयार भाजणीच पाठवावी. भातानंतरच्या ओलाव्यावर चवळीचे पीक घेता येते. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण सदाबहार’ हा वाण उपलब्ध आहे. गावातील महिला बचत गटांनी सत्त्व, भाजणी व लाडवाचे पीठ स्वच्छ बांधणीत तयार केले तर शहरातील आपल्याच माणसांकडून त्याला मागणी येऊ शकते. विक्रीपूर्वी अन्नसुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करून घ्यावी व पाकिटावर तयार केल्याची तारीख घालावी.

माता-भगिनींनी येत्या रविवारी घरातील नाचणी निवडून भिजत घालावी. ती वाळून दळून आली, की त्या पुढच्या आठवड्याच्या डब्याची निम्मी तयारी झालेली असेल.