पुस्तकातला गुलाब आणि तासगावचा बेदाणा

५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनी, तुमच्यापैकी कोणीतरी बाईंना किंवा सरांना गुलाबाचे फूल देतो. ते आठवण म्हणून पुस्तकात ठेवले जाते. आठपंधरा दिवसांनी पुस्तक उघडावे, तर पाकळ्या काळपट होऊन कागदाला चिकटलेल्या आणि देठाजवळ पांढरी बुरशी! साताऱ्यासारख्या, सह्याद्रीला लागून असलेल्या गावी पावसाळ्यात हा अनुभव नवा नाही.

आता साताऱ्याहून सांगली जिल्ह्यातील तासगावकडे चला. पण फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत. तेथे बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांच्या थरांवर द्राक्षे पसरलेली असतात. ताज्या द्राक्षात वजनाने सुमारे ८० टक्के पाणी असते. तरीही साधारण पंधरवड्यात त्यांचा बेदाणा होतो, आणि तोही उन्हात नव्हे, सावलीत! याच सांगली बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गुलाबाची पाकळी द्राक्षापेक्षा किती पातळ! मग द्राक्ष वाळते आणि पाकळी कुजते, असे का?

'उष्णतेमुळे' हे उत्तर अर्धेच आहे. वाळणे म्हणजे पदार्थातील पाण्याची वाफ होऊन ती हवेत निघून जाणे. त्यासाठी हवेत जागा हवी. एक घनमीटर हवेत २५ अंश सेल्सियसला जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, तर ३५ अंशांना सुमारे ४० ग्रॅम. आता ढोबळ हिशेब करू. पावसाळ्यात तापमान २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर हवेत २१ ग्रॅम बाष्प आधीच आहे. जागा उरली जेमतेम २ ग्रॅमची. उन्हाळ्याच्या दुपारी तापमान ३५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता २५ टक्के असेल, तर हवेत १० ग्रॅम बाष्प आहे आणि जागा आहे ३० ग्रॅमची. म्हणजे या हवेची तहान पंधरा पट! आपल्या आया-आज्या पापड-कुरडयांचे वाळवण उन्हाळ्यात का घालतात, हे यावरून कळेल.

तहानेबरोबर वाराही हवा. पाकळीला लागून असलेला हवेचा थर बाष्पाने लवकर भरतो. तो हलला नाही, तर वाळण्याचे काम मंदावते. बेदाण्याच्या शेडच्या बाजू मोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या यासाठीच. पुस्तकात मात्र दोन्ही बाजूंनी कागद दाबून बसलेला! त्यातून पाकळी कशीबशी वाळते. पण जाड देठ आणि पाकळ्यांखालचा फुगीर भाग ओलाच राहतो. बुरशीला तेवढे पुरते.

ऊन मात्र टाळायचे. पाकळीचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे असतो, ते तीव्र प्रकाशात फिके पडते. बेदाण्याचा हिरवा रंग टिकावा म्हणूनच द्राक्षेही सावलीत वाळवतात.

आणखी एक अडचण आहे. पाकळीचा ताठपणा तिच्या पेशींतील पाण्याच्या दाबामुळे असतो. पाणी गेले की दाब जातो आणि पाकळी आक्रसते. बेदाणा सुरकुतला तर बिघडत नाही. गुलाबाला मात्र आकार हवा. यासाठी त्याला वाळताना चहूबाजूंनी आधार द्यावा लागतो. त्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत वाळूची. बारीक वाळू धुऊन, चाळून, तापवून पूर्ण थंड करा. उमललेल्या फुलाचा देठ दोन सेंटिमीटर ठेवून कापा. डब्यात वाळूचा थर देऊन त्यावर फूल उभे ठेवा आणि चमच्याने पाकळ्यांच्या मधूनमधून वाळू सोडत ते झाकून टाका. डबा सावलीत दोन-तीन आठवडे उघडा ठेवा.

दुसरी रीत सिलिका जेलची. नव्या बुटांच्या खोक्यात याचीच पुडी असते. साखरेएवढ्या कणांचे पांढरे सिलिका जेल घ्या. निळ्या रंगाच्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी संयुग असते, ते नको. एका फुलाला पाव किलो तरी जेल लागेल. फूल वरीलप्रमाणेच झाका. पण डबा घट्ट बंद करा. आठवड्याभरात काम होते. जेल हाताळताना धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका.

एक डबा उघडा आणि दुसरा बंद, असे का? याचे उत्तर वजनकाट्याला विचारा. दोन्ही डबे फुलांसकट रोज तोला. समजा, प्रत्येक फुलातून ८ ग्रॅम पाणी गेले. वाळूच्या डब्याचे वजन जवळजवळ तेवढेच घटलेले दिसेल. याचा अर्थ, वाळू पाणी पीत नाही! ती फक्त आधार देते. वाफ कणांमधल्या फटींतून बाहेरच्या हवेत जाते. सिलिका जेलच्या डब्याचे वजन मात्र बदलणार नाही. एक ग्रॅम जेलमधील सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग काही शे चौरस मीटर भरतो आणि त्यावर बाष्प धरून ठेवले जाते. फुलातले पाणी डब्यातच राहिले, फक्त जागा बदलली. तो डबा उघडा ठेवला, तर जेल फुलाऐवजी साऱ्या खोलीतले बाष्प पीत बसेल!

म्हणून रीत निवडताना कॅलेंडर पाहा. फेब्रुवारी-मार्चमधील निरोप समारंभाचा गुलाब वाळूत उत्तम वाळेल, कारण तेव्हा बाहेरची हवाच तहानलेली असते. शिक्षकदिनाच्या गुलाबाला मात्र बंद डबा आणि सिलिका जेलच हवे. त्या दिवसांत वाळूत ठेवलेले फूल कुजण्याचीच भीती अधिक.

शेवटी एक सूचना. वाळलेला गुलाब स्वतःच तहानलेला असतो. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा मऊ पडतो, तसाच तोही हवेतील बाष्प ओढून घेतो. म्हणून तो घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, थोडे सिलिका जेल घालून, उन्हापासून दूर ठेवा. पुढच्या ५ सप्टेंबरला बरणी काढून पाहा. फूल जसेच्या तसे असेल, तर हवेची तहान तुम्हाला नीट समजली असे म्हणता येईल.