लोहाच्या कोठारात उपाशी वेल

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत आणि कित्येक शेतांत काळ्या मातीखाली चुनखडी आहे. अशा जमिनीत कधी कधी वेलाच्या शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात. शिरा मात्र हिरव्याच राहतात. उसावर असे झाले की शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात. लोह कमी पडल्याची ही खूण. लोहावाचून हरितद्रव्य तयार होत नाही आणि हरितद्रव्य नसेल तर साखर करणार कोण? घड भरत नाहीत, वर्षाची मेहनत वाया जाते.

आता गंमत पाहा. ही माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. तिच्यात शेकडा कित्येक भाग लोह असते आणि वेलाला लागते चिमूटभर. मग वेल उपाशी का?

मुळे फक्त पाण्यात विरघळलेलेच लोह घेऊ शकतात. जमिनीचा सामू एकाने वाढला की द्रावणातील फेरिक आयन सुमारे हजारपटीने घटतात. सामू ५ वरून ८ वर गेला तर १००० × १००० × १०००, म्हणजे शंभर कोटी पटींनी! (प्रत्यक्षात सेंद्रिय पदार्थ थोडे लोह धरून ठेवतात, म्हणून वेल तग धरतो.) वेल स्वस्थ बसत नाही, लोह सुटावे म्हणून मुळे आम्ल सोडतात. पण ते आम्ल चुनखडी गिळून टाकते. तुम्हीही करून पाहा: शेतातल्या पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळा आणि कान जवळ न्या. फसफस ऐकू येईल. तो कार्बन डायऑक्साइड.

म्हणूनच अशा जमिनीत नुसते हिराकस टाकून फारसा उपयोग होत नाही. त्यातले फेरस लोह लवकरच गंजासारखे अविद्राव्य होते. त्यापेक्षा पातळ द्रावण पानांवर फवारणे बरे.

मग फ्रान्समध्ये काओर येथे चुनखडीच्या पठारांवर माल्बेक जातीची द्राक्षे कशी पिकतात? तिथली गडद तांबडी वाइन प्रसिद्ध आहे. उत्तर मुळांत आहे. १८६० नंतर फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील बागांची मुळे खाल्ली. तेव्हा किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमे बांधली. पण चुनखडीत ते खुंट पिवळे पडले! १८८७ साली प्येर व्हियाला हे शास्त्रज्ञ अमेरिकेला गेले. टेक्ससमधील टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणाऱ्या रानवेली दाखविल्या. त्यांच्या संकरातून चुनखडी सोसणारे खुंट मिळाले.

चुनखडीची चव वाइनमध्ये उतरते, असे काही रसिक म्हणतात. मला ते पटत नाही. द्राक्षरसाचा सामू ३ ते ४ असतो. त्यात चुनखडी आली असती तर ती लिंबाच्या प्रयोगासारखी फसफसून गेली असती.

महाराष्ट्रात डॉगरिज हा खुंट पुष्कळ वापरतात, तो मुख्यतः अवर्षण व खारे पाणी सोसतो म्हणून. तोही मूळचा टेक्ससचाच. बागेत गेलात तर मालकांना विचारून बुंध्याजवळची कलमाची गाठ पाहा. गाठीच्या वर सोनाका किंवा थॉम्पसन असेल, खाली बहुधा डॉगरिज.